फोडणीवाचून दहा दिवस

फुलचूर, गोंदिया
गुरुवार, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप सुशीलाबाई, मुक्काम चिचगड, यांस धाकटा भाऊ चैतराम याचा पाया पडून नमस्कार.

तेरा दिवसांची गरिबी मला नऊ हजार तीनशे चाळीस रुपयांना पडली. एवढ्याच दिवसांत आमची सात माणसं रोजच्यासारखी जेवली असती, पोळी, भाजी, भात, वरण, दही, रविवारचे मटण धरून, तर सहा-साडेसहा हजारांत भागले असते, कारण तांदूळ घरच्या मिलचा. म्हणजे गरीब होण्यासाठी आम्ही वरून तीन हजार भरले, आणि तेराच्या जागी दहाच दिवस गरीब राहता आले. हे असे कसे झाले हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शिवाय त्यात तुझाही संबंध आहे, पण तो पुढे येईल.

आधी तुझी तब्येत. पत्रात सगळेच तब्येत विचारतात आणि उत्तराची वाट कोणी पाहत नाही. मी मात्र या वेळी खरोखर विचारतो आहे. जानेवारीत तू देवरीच्या दवाखान्यात चार दिवस होतीस, तेव्हा मी प्रफुलला सफरचंदं घेऊन पाठवले होते. तू सफरचंदं ठेवून घेतलीस आणि माझा निरोप परत पाठवलास. त्यानंतर ताप उतरला का, जेवण जाते का, काठी घेऊन का होईना चालतेस का, हे सगळे लेखी कळव. खाली सही कर. जमल्यास तारीखही घाल. (फोनवर विचारले असते, पण देवरीच्या सत्कारापासून, म्हणजे चार वर्षे झाली, तू माझा फोन घेत नाहीस. एक-दोनदा चुकून घेतलास तेव्हा म्हणालीस, "चैतराम, राँग नंबर लागला." राँग नंबर लागला हे समोरच्याचे नाव घेऊन सांगणारी बाई महाराष्ट्रात तू एकटीच असशील.)

आता हकीकत ऐक. चष्मा लाव, पत्र लांब आहे.

महिनाभरापूर्वी एका संध्याकाळी आमच्या मोनूने (प्रफुलचा धाकटा, आठ वर्षांचा) पनीर अर्धे खाऊन ताट सरकवले. रंजिता, म्हणजे आमची सून, रागावली नाही. ती शिकलेली आहे, रागवायच्या आधी मोबाइल पाहते. त्यात तिला परदेशातले एक कुटुंब सापडले. जगात कोट्यवधी लोक अर्धपोटी राहतात हे मुलांना कळावे म्हणून त्या घरातले सगळे जण काही दिवस साधे जेवले, आणि पोरं म्हणे सुधारली. रंजिताने हे जेवता जेवता सगळ्यांना वाचून दाखवले. रिंकूने (ती बारा वर्षांची, सातवीत) ताबडतोब वही आणली. आणि बाई, मी गप्प बसायला हवे होते, पण मी म्हणालो की गरिबी शिकायला मोबाइल कशाला पाहिजे, उपाशीपोटी झोपलेला माणूस या ताटांच्या ओळीत तुमच्यासमोर बसला आहे. चिचगडच्या झोपडीत कोणाच्या आधाराशिवाय वाढलो, हमाल म्हणून मिलमध्ये शिरलो आणि आज त्याच मिलच्या पाटीवर माझे नाव आहे. हे सगळे मी तुझ्या माहितीप्रमाणे नेहमीच्या आवाजात सांगितले. अन्नपूर्णा (तिला तू ओळखतेसच, माझी बायको) वाढता वाढता म्हणाली, "झालं, भाषण लागलं." पण रंजिताला ते पटले. मला या उपक्रमाचा मार्गदर्शक नेमण्यात आले.

किती दिवस, यावर घासाघीस झाली. रंजिताला पंधरा हवे होते, प्रफुलला सात, तेही अंड्यासकट. चौदा तारखेला आमच्या लेकीच्या, चंदाच्या, साक्षगंधाच्या खरेदीला नागपूरला जायचे होते, आणि नागपूरला जाऊन कोणी गरिबीत राहत नाही. (चंदाचे तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. तिरोड्याच्या हिरालाल यांच्या धाकट्या मुलाशी जमले आहे. पोरगा वीज मंडळात आहे, कमी बोलतो, चंदाला आवडला आहे. साक्षगंध रविवारी, बावीस तारखेला.) तेव्हा एक ते तेरा फेब्रुवारी असे ठरले. बरोबर तेरा दिवस. त्या आकड्यावर घरातल्या सातांपैकी एकाचीही जीभ अडखळली नाही, याचे मला आज नवल वाटते.

नियम रंजिताने लिहून फ्रिजवर लावले. फ्रिज अर्थात बंद. तेल नाही, साखर नाही, हळद नाही, फोडणी नाही, कारण फोडणी ही चैन आहे. गाद्या गुंडाळायच्या, चटईवर झोपायचे. टीव्हीवर चादर टाकायची. दिवेलागणीला एक तास वीज बंद ठेवून तेलाच्या दिव्यात बसायचे. गरिबाकडे कामवाली नसते, म्हणून शामकलालाही तेरा दिवस पगारी सुट्टी. शामकला जायच्या आधी रंजिताने तिला मोठ्या आदराने विचारले की तुमच्या घरी साधं जेवण कसं करता, आम्हाला शिकवा. मी ओसरीवर पेपर धरून बसलो होतो, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. शामकला म्हणाली, "आमच्या घरी फोडणीबिगर कोनी जेवत नाही, ताई. आम्ही गरीब आहो, सुतकात नाही." आणि पदर खोचून निघून गेली. एवढे स्पष्ट शब्द माझ्या कानावर पडले आणि मी पान उलटून भाजीपाल्याचे भाव वाचायला लागलो. तिथेच शहाणा झालो असतो तर हे पत्र अर्ध्या पानात संपले असते.

सामान रंजिताने मोबाइलवरून मागवले. कोदो आला, आपल्याकडचे गरिबाचे धान्य, किलोला दोनशे दहा रुपये. पाकिटावर डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईचे चित्र होते आणि मागे बारीक अक्षरात लिहिले होते की हा कोदो देवरी तालुक्याच्या जंगलभागातला. म्हणजे तुझ्या दारापासून सायकलने जाता येईल अशा वावरातला कोदो पुण्याला जाऊन, पाकिटात बसून, कुरिअरने माझ्याकडे आला. हातसडीचा तांदूळ आला, एकशे चाळीसचा भाव. तो मी मुठीत घेतला, तळहातावर पसरला आणि मला घाम फुटला. आमच्या मिलच्या पॉलिश मशीनला एक खोड आहे, दाण्याचे टोक एकाच बाजूने उडते. तीच टोके. मी स्वतः चौतीस रुपयांनी विकलेला तांदूळ हातसडीचा होऊन माझ्याच घरी परत आला होता. कोणाला बोललो नाही. सुनेचा उत्साह जाईल म्हणून नाही, मार्गदर्शकाची लाज जाईल म्हणून. मातीच्या दोन हंड्या आल्या, सातशे पंचवीसला एक. अशी हंडी आपल्या चुलीवर फुटली तर तू काय म्हणायचीस ते इथे लिहिण्याजोगे नाही.

पहिल्या दिवशी पेज, मीठ आणि लाखोरीची उकडलेली पालेभाजी. मोनूने विचारले, हे गरिबांना आवडते का? मी म्हणालो, भुकेला सगळे आवडते. रिंकूने ते लिहून घेतले आणि मग तिचे प्रश्न सुरू झाले. बाई, मला या पोरीच्या वहीची सवय नव्हती. सत्कारात लोक प्रश्न विचारत नाहीत, टाळ्या वाजवतात. ही विचारायची, आजोबा, भूक लागल्याचे पहिल्यांदा कुठे कळते, पोटात की डोक्यात? उपाशी माणसाला कंटाळा येतो का? गरीब मुले वाढदिवसाला काय करतात? उपाशी झोपल्यावर स्वप्न कशाचे पडते? भाकरीचे, असे मी ठोकून दिले. ती म्हणाली, पण तुमच्याकडे तर भात खायचे ना? मी म्हटले, म्हणूनच. तिने तेही लिहिले, पण पेन्सिल जरा हळू चालली. मग मलाच कुतूहल वाटायला लागले. दुपारी चटईवर पडल्यापडल्या मी आपली झोपडी आठवायला बसलो. चुलीचा धूर आठवला, कुडाच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा आठवला, बाबांची बांबूतोडीची कुऱ्हाड आठवली. भूक तेवढी आठवेना. एवढ्या भाषणांत सांगितलेली गोष्ट आठवू नये, हे मला विचित्र वाटले. वय झाले असेल म्हणून कुशीवर वळलो.

त्याच आठवड्यात आणखी तीन गोष्टी घडल्या. एक, मोनूच्या डोक्यात उवा निघाल्या आणि त्याचे टक्कल करावे लागले. शाळेत एकटाच टकला दिसेन म्हणून त्याने आकांत मांडला, तेव्हा आजोबा म्हणून मी त्याच्याशेजारी खुर्चीत बसलो आणि माझेही करून घेतले. (प्रफुलने नकार दिला. त्याचे केस आधीच मोजण्यावर आले आहेत.) दोन, रिंकूला वहीसाठी 'आपल्या घराण्यातील गरिबी' असे काही चिकटवायचे होते, म्हणून तिने ट्रंकेतून आपला जुना फोटो काढला, कचारगडच्या जत्रेत काढलेला. तू उभी आणि मी स्टुलावर. माझी बाजू वाळवीने खाल्ली आहे, आता तू एकटीच आहेस. फाटेल म्हणून तिने तो न चिकटवता हॉलमधल्या टेबलावर फ्रेममध्ये ठेवला. तीन, तेलाचा दिवा ठेवायला दुसरी सपाट जागा नव्हती, म्हणून तोही त्याच टेबलावर.

आता बाई, तू गल्लीतून जाणारी बाई आहेस असे समज. खिडकी उघडी आहे. घरात अंधार, एकट्या बाईच्या जुन्या फोटोपुढे दिवा, टीव्हीवर चादर, जमिनीवर चटया, घरधनी टकला, नातू टकला, कामवालीला तेरा दिवस सुट्टी, आणि चार दिवस झाले तरी त्या घरातून मोहरी तडतडल्याचा आवाज नाही. शिवाय चिचगडची नणंद दवाखान्यात होती, हे अन्नपूर्णेने सगळ्यांना आधीच सांगितलेले. तू काय समजली असतीस?

आम्हाला काही कळले नाही. उलट मला वाटले, गल्ली भारावून गेली आहे. शेजारचे दुर्गाप्रसाद (रेल्वेतून रिटायर झालेले, गेली वीस वर्षे माझ्याशी नालीवरून भांडणारे) पाचव्या दिवशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिम्मत रखो, भैया. सबको एक दिन..." आणि रुमाल काढला. मी म्हणालो, हिंमत आहे हो, आज पाचवा दिवस, तेराव्यानंतर सुटलो. त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले. मग खिशातून लहानसा झेंडूचा हार काढून फोटोला घातला. मला वाटले, आजच्या काळात गरिबीला हार घालणारा माणूस विरळा, नाली त्यांना देऊन टाकावी. त्यांच्या घरून डबा आला, कढी-भात. समोरच्यांकडून खिचडी आली. कोपऱ्यावरच्यांकडून चहाचा थर्मास, रोज दोनदा. बाया येऊन अन्नपूर्णेचा हात दाबत आणि न बोलता परत जात. रंजिताने वहीत 'समाजाचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असे लिहायला लावले. मोनूला शाळेत चार पोरे आपापल्या डब्यातले देऊ लागली. आठव्या दिवशी त्याला मिलच्या काट्यावर उभा केला तर सातशे ग्रॅम वाढला होता. जगातल्या गरिबीने आमच्या घरात एवढेच वजन टाकले.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दारात गाडी थांबली. तिरोड्याचे हिरालाल, त्यांची बायको, म्हातारी आत्या आणि आणखी चार जण, सगळे पांढऱ्यात. फाटक उघडायच्या आधीच बायांनी "अवो माय वो" म्हणून सूर लावला. मला वाटले, अरे देवा, यांच्याकडे कोणी गेले. मी धावत जाऊन हिरालालना मिठी मारली आणि म्हणालो, रडू नका, मोठ्या माणसाने असा धीर सोडून कसे चालेल. ते मला म्हणाले, तुम्हीच धीर धरा. आम्ही दोघे एकमेकांना धीर देत पायरीवर चांगली पाच मिनिटे उभे होतो. कोण गेले हे विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही.

आत बसल्यावर हिरालाल म्हणाले, "आमची काही जबरदस्ती नाही. पन लोक काय म्हनतीन? बाईचं वर्षश्राद्ध होऊ द्या, मंग साक्षगंधाचं पाहू."

"कोन बाई?" मी विचारले.

त्यांनी फोटोकडे हात केला. बाई, त्या क्षणी मी तुझ्या गळ्यातला हार पहिल्यांदा नीट पाहिला. मी ओरडलोच, "ते तं जित्ती आहे!"

मग आत्या पुढे सरकली. ही आत्या सत्तरीची, कोर्टात असती तर मोठ्या पदाला गेली असती. तिने एकेक विचारायला घेतले. टक्कल कायले केलं? मोनूच्या उवा. लेकराच्या उवा अन् टक्कल आजोबाचं? सोबत म्हणून. फोडणी काऊन बंद? जगातल्या गरिबीसाठी. दिवा? वीज बंद ठेवून राहिलो. हार? तो दुर्गाप्रसादने घातला. रंजिताने मध्ये मोबाइल पुढे करून परदेशातले कुटुंब दाखवायचा प्रयत्न केला, तो आत्याने हातानेच बाजूला सारला आणि म्हणाली, "लगन लांबू नये म्हनून मयत लपवनारे लय पाहिले मी. पन येवढी कारनं जोडनारा पहिलाच."

मग प्रफुलला सुचले की फोन लावू. लावला, स्पीकरवर. आता तुझ्या आठवणीत मंगळवारी सकाळचा माझा फोन असेल. तू उचललास. घरातले आणि पाहुणे मिळून चौदा माणसे कान लावून बसली होती. मी म्हणालो, "बाई, मी चैतराम. फक्त येवढंच सांग, तू जित्ती आहेस ना?"

आणि तू म्हणालीस, "तुझ्यासाठी तं सुशीला चार सालापासून मेली." आणि ठेवून दिलास.

आधी आत्याच बोलली, "चार सालापासून? अन् हे आता सांगून राहिले?"

बायांनी पुन्हा सूर धरला. हिरालालच्या बायकोने समजावले की आवाज तर बाईचाच वाटतो, म्हणजे जिवंत असावी. त्यावर एक जण म्हणाला, फोनवर कोणीही बोलू शकते, आजकाल मोबाइलमध्ये मेलेल्या माणसाचाही आवाज काढतात. चहा झाला. (बिनसाखरेचा. त्याचाही अर्थ लागलाच.) पाहुणे उठले. मी दारापर्यंत गेलो आणि माझ्या त्या कानांनी घात केला. फाटकाबाहेर चपला शोधता शोधता हिरालाल आत्याला म्हणत होते, "मले नवल टक्कलाचं वाटते. देवरीच्या सत्काराले मी होतो. अर्धा घंटा बोलला, उपाशी होतो, उपाशी होतो, कोनी नव्हतं मले. बहिनीचं नाव एकदा तरी घेतलं का? अन् ते समोरच बसून होती, दुसऱ्या लाइनीत. जेवनाआधीच उठून गेली."

आत्या म्हणाली, "भाऊ कधी बहिनीसाठी टक्कल करते का? पन हिनं तं मायवानी वाढवला म्हनते, पंधरा वर्साची असल्यापासून."

"कोन म्हनते?"

"त्याची बायको. साऱ्या फुलचूरले ठाव आहे. त्यालेच ठाव नाही."

मग हिरालाल फाटकातून मागे वळले आणि मोठ्याने म्हणाले की रविवारी, बावीसला, तुमची बाई पहिल्या पाटावर बसलेली दिसली तर साक्षगंध होईल. नाही दिसली तर पुढच्या साली पाहू. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "अन् खरं सांगू का, व्याही? ते जित्ती असून येत नसेल, तं मले अजून विचार कराव लागते."

चंदा आतल्या दाराशी होती. रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते. तिने चादर काढून टीव्ही मोकळा केला, हार उतरवून फोटो पुसला, स्वयंपाकघरात जाऊन कढई चढवली आणि मोहरी टाकली. दहा दिवसांनी घरात तडतड ऐकू आली. त्या एका फोडणीने गल्ली पुन्हा हादरली, कारण आमच्या माहितीतल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या मते बाईला जाऊन दहाच दिवस झाले होते आणि तेरवी व्हायची होती. दुर्गाप्रसादांनी त्या दिवसापासून नालीवर पुन्हा हक्क सांगितला आहे.

संध्याकाळी चंदाने मला ताट वाढले, नेहमीचे, वरण-भात-पोळी, आणि एवढेच म्हणाली, "चिचगडची आत्याबाई येनार नाही, बाबा. तुम्ही चार सालात एकदा तरी गेले असते, तं आली असती."

असो. इकडे सगळे खुशाल आहेत. मोनूचे केस उगवत आहेत. रिंकूच्या वहीला शाळेत पहिला नंबर मिळाला. त्यात गरिबीबद्दल तीन पाने आहेत आणि सुतकाबद्दल अकरा. तुला सहज हकीकत कळवावी म्हणून लिहिले, बाकी विशेष काही नाही. दाजींना नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद. पायाच्या दुखण्याला तू जे तेल लावतेस ते सोडू नकोस.

तुझा भाऊ,
चैतराम

ता. क. : रविवारी बावीस तारखेला मोकळी असशील तर फुलचूरला ये. फार वेळ लागणार नाही. पाटावर बसायचे, चंदाची ओटी भरायची आणि आत्या विचारेल त्याला जिवंत माणसाने द्यावीत तशी उत्तरे द्यायची. मिलचा ड्रायव्हर बकाराम गाडी घेऊन येईल.

ता. क. दोन : बकाराम येईल हे खोडायचे राहून गेले. गाडी मीच घेऊन येईन. तू नाही म्हणालीस तर दारातच थांबेन. मला दारात पाहिलेस की तुला राग येतो हे ठाऊक आहे, पण टक्कल पाहून हसू येण्याचाही संभव आहे.

ता. क. तीन : हे पत्र पोस्टाने टाकलेले नाही. बकारामने तुझ्या हातात दिले असेल आणि तो ओट्यावर बसला असेल, त्याला पाणी दे. मी इथे चिचगडलाच, शाळेच्या कोपऱ्यावर टपरीत बसून हा मजकूर लिहितो आहे. दोन चहा झाले. पूर्ण वाचून होईपर्यंत बोलावू नकोस, तुला पुटपुटत वाचायची सवय आहे आणि मला इतक्या लांबून ऐकू येत नाही.

ता. क. चार, आणि शेवटचा : मंगळवारी चंदाने मला वाढले, त्या वेळी चुलीशी अन्नपूर्णेने हंडीतली उरलेली पेज रिंकू-मोनूच्या वाट्यांत ओतली. सकाळी शिजवलेले वाया का घालवा म्हणून. मग ती स्वतःच्या वाटीवर हंडी तिरपी धरून पळीने खरवडू लागली. मिलमध्ये मी आवाजावरून सांगतो की धान्य संपले आहे आणि मशीन नुसते फिरते आहे. हंडी रिकामी होती. पोरांना वाटावे की आजीही घेते आहे, म्हणून ती खरवडत होती. तो आवाज मी आपल्या झोपडीत रोज ऐकला आहे, पाठमोऱ्या तुझ्याकडून, माझी वाटी भरल्यावर. बाई, मी एक रात्रही उपाशी झोपलेलो नाही.